आर्थिक स्वातंत्र्य : कुणाचे आणि कशापासून?

'आर्थिक स्वातंत्र्य' हा शब्द सध्या बाजारात फार चालतो. मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहतो. तिथेही त्याच्या जाहिराती दिसतात. चाळिशीत निवृत्त व्हा, पैशाला कामाला लावा, असा त्यांचा एकंदर उपदेश. ऐकणाऱ्याच्या पाठीशी बापाचे घर, थोडी जमीन, थोडी शिल्लक आहे, हे त्यात मुळातच गृहीत धरलेले असते. आपल्यातील पहिल्या पिढीच्या पगारदाराला हे गृहीत लागू पडत नाही. त्याचा पगार एक आणि त्याकडे पाहणारी तोंडे दहा. म्हणून हा विषयच प्रस्थापितांचा आहे असे म्हणून तो झटकून टाकणारे कार्यकर्तेही मला भेटतात. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. ज्याच्या मागे काही नाही त्यालाच हिशेबाची गरज अधिक असते. फक्त त्याने स्वातंत्र्याची व्याख्या आपल्या इतिहासातून करावी.

शाहूपुरी ही व्यापारपेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. इथे गुळाचे सौदे होऊन रोकड फिरू लागली, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील महार मात्र वतनाला बांधलेला होता. पडेल ते काम करायचे, मोबदला तुटपुंजी जमीन आणि बलुते. तेही गावाची मर्जी असेल तर. रोकड नाही म्हणून शिल्लक नाही, आणि शिल्लक नाही म्हणून काम नाकारण्याची सोय नाही. वतनाची खरी बेडी ही होती. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार वतने रद्द केली आणि त्या जमिनी रयतावा करून दिल्या. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. अर्थशास्त्राचा हा पंडित रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहितो आणि वतनावर विधेयकही आणतो, यात मला एकच सूत्र दिसते.

दुसरे उदाहरण गंगाराम कांबळे यांचे. पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढण्यास मदत केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल निघाले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा पिऊ लागले. या घटनेचा अर्थ दुहेरी आहे. भांडवलाने चाकरी सुटते. पण भांडवल असूनही बाजार जातीने बंद असू शकतो. नियोजनाचे महत्त्व आणि त्याची मर्यादा, दोन्ही इथेच कळतात.

म्हणून माझी व्याख्या अशी : ज्या दिवशी आपण सावकाराला, अपमान करणाऱ्या मालकाला आणि मत विकत घेणाऱ्याला 'नाही' म्हणू शकतो, त्या दिवशी आपण आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र. विद्यार्थ्यांशी बोलताना मी याचा पुढील क्रम मांडतो.

पहिले, कर्ज. सावकाराचा दर महिन्याचा असतो हे आपण विसरतो. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. २०,००० रुपयांवर दरमहा १,००० व्याज. वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज गेले, मुद्दल जागच्या जागी. हप्त्यांच्या कर्जातही दर कशावर, हे विचारावे. ६०,००० रुपये दोन वर्षांसाठी बारा टक्क्यांनी घेतले आणि व्याज सर्व काळ पूर्ण रकमेवर लावले, तर १४,४०० रुपये होते. दरमहा उरलेल्या रकमेवर लावले, तर सुमारे ७,८००. दर तोच, व्याज जवळजवळ दुप्पट. सर्वात महागडे कर्ज आधी फेडावे. त्याइतकी हमखास कमाई दुसऱ्या कशातच नाही.

दुसरे, अडीनडीची शिल्लक. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत हाताशी हवा. बँक बुडाली तर एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना २०२० पासून विमा आहे, सहकारी बँकांतही. पतसंस्थेतील ठेवीला आणि भिशीला तो नाही. भिशी वाईट नाही, ती आपल्या बायांची बँकच आहे. पण सगळी शिल्लक तिच्यात ठेवू नये.

तिसरे, विमा. कमावता माणूस गेला तर घर उभे राहावे एवढाच त्याचा हेतू. विमा आणि बचत यांची मिसळ करून विकणाऱ्यापासून सावध राहावे. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनविमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा या सरकारी योजना वस्तीतल्या प्रत्येक घरी पोहोचल्या पाहिजेत.

चौथे, दीर्घ बचत. दरमहा १,००० रुपये पंधरा वर्षे सात टक्क्यांनी साठले तर भरलेल्या १,८०,००० चे तीन लाखांवर होतात. मात्र महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत किमतीही दुप्पट होतात. जलद दुप्पट करून देणारा जो भेटेल, तो बहुधा आपलेच पैसे मोजत असतो.

आणि पाचवे, जे बाजारातल्या कुठल्याच तक्त्यात मला सापडत नाही : नातलगांचा आणि समाजाचा वाटा. भावाची फी, आईचे औषधपाणी, चळवळीची वर्गणी यांना तिथे गळती म्हणतात. आपण ज्या वाटेने आलो ती याच वर्गणीतून झाली आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी मागितला. तसा आकडा ठरवून हा खर्च वहीत आधीच लिहावा. ठरवून दिलेले देणे घर बुडवत नाही. लाजेखातर, व्याजाने काढून दिलेले देणे बुडवते.

आता मर्यादा. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला आणि कंत्राटी सफाई कामगाराला काटकसर शिकवणे ही क्रूर थट्टा ठरते. त्यांना आधी पुरेसा आणि नियमित पगार हवा. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना उरली नाही. म्हातारपणाची जोखीम सरकारने व्यक्तीच्या अंगावर टाकली आणि वर तिलाच नियोजन शिका म्हटले. हिशेबाची वही हा संघर्षाला पर्याय नाही. पण संप लांबला तर दोन महिने कोण टिकतो, हे त्या वहीवर अवलंबून असते. शिष्यवृत्ती सहा महिने रखडली तर कुणाची मुलगी महाविद्यालयात राहते आणि कुणाची कामाला लागते, हेही तिच्यावरच ठरते.

म्हणून अभ्यासवर्गात विचारांच्या पुस्तकांशेजारी ही वहीही उघडली पाहिजे. वतन कायद्याने गेले. महिन्याच्या वीस तारखेला सावकाराच्या दारात उभे राहण्याचे नवे वतन मात्र कुणी कायद्याने घालवणार नाही. ते आपल्यालाच मोडायचे आहे, आणि एकेकट्याने नव्हे.