हरसूलचं रान रिकामं नाही

त्र्यंबकेश्वर ओलांडून पश्चिमेला, गुजरातच्या हद्दीकडे उतरत गेलं की हरसूलचा मुलूख लागतो. सागाचं, ऐनाचं, खैराचं रान, मधेच उतारावरची नागली-वरईची शेतं आणि दमणगंगेकडे धावणारे ओहोळ. नाशिक, ठाणे, मुंबईच्या माणसांना सुट्टीत इथे तंबू ठोकावासा वाटतो, यात नवल नाही. मात्र तंबूत राहण्याबद्दल जे सल्ले तोंडोतोंडी फिरतात त्यांतले बरेच चुकीचे असतात, आणि त्यांचा माग काढला तर बहुतेक सगळे एकाच समजुतीपाशी जाऊन थांबतात: हा मुलूख निर्जन आहे. जागा कोणाची नाही, मग विचारायचं कोणाला? लाकूड कोणाचं नाही, मग शेकोटी हवी तेवढी मोठी करावी. पाणी वाहतंय, म्हणजे ते आपलंच. आणि त्या रानात जे जिवंत आहे ते एक तर दिसणारच नाही, नाहीतर अंगावर येईल. ही समजूत स्थानिकांवर अन्याय करते, आणि तंबूत झोपलेल्याचा जीवही धोक्यात घालते. म्हणून ती मुळापासून तपासायला हवी.

रात्री दिवे दिसत नाहीत म्हणून वस्ती नाही, असं शहरातला माणूस धरून चालतो. हरसूलच्या आसपास महादेव कोळी, कोकणा, वारली लोकांचे पाडे डोंगराच्या खोबणीत, झाडोऱ्याआड वसलेले आहेत. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं वेचायला बायामुलं पहाटे रानात असतात. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं, पुढे करटोली आणि इतर रानभाज्या, हिवाळ्यात गवत, बारा महिने जळणाच्या मोळ्या आणि गुरांची चराई. ज्या पायवाटेनं आपण 'आतलं रान' शोधत जातो ती रोज कोणीतरी तुडवतं, म्हणूनच टिकलेली असते. झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड वाघोबाचा असू शकतो, आणि तंबूला सोयीची वाटणारी सावलीची सपाट जागा देवराईतली असू शकते. रान वापरात आहे, फक्त वापर आपल्या ओळखीचा नाही.

यातूनच दुसरा गैरसमज उगवतो, की जमीन सरकारी म्हणजे सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणजे एका रात्रीसाठी आपलीही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं आणि आग पेटवणं हे दोन्ही गुन्हे मानतं. नाशिक पश्चिम वनविभागाचं हरसूल हे स्वतंत्र वनपरिक्षेत्र आहे, त्यामुळे विचारायला कार्यालय नाही अशीही सबब चालत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे, आणि ती पर्यटकांच्या कानावर क्वचितच पडते. या कायद्यानं गौण वनउपजावर रानात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली, आणि कलम ५ नं ग्रामसभेला अधिकार दिला की सामूहिक वनस्रोतात कोणी यावं-जावं याचं नियमन तिनं करावं आणि वन्यप्राण्यांना, जंगलाला घातक ठरेल ते थांबवावं. म्हणजे पाड्यावरची माणसं इथली नुसती रहिवासी नाहीत, जंगल राखण्याचा अधिकार कायद्यानंच त्यांच्याकडे आहे. हा हक्क कागदावरून प्रत्यक्षात सहज उतरलेला नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला हजारो शेतकरी पायी निघाले, त्यांत नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतली माणसं मोठ्या संख्येनं होती आणि वनजमिनीचे हक्क ही त्यांची एक मुख्य मागणी होती. रक्ताळलेल्या तळपायांची ती छायाचित्रं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. ज्या जमिनीसाठी लोक एवढं चालले, तिला 'कोणाचीच नसलेली' म्हणताना जीभ अडखळायला हवी.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. डोंगर हा काही कोणाचा खाजगी बंगला नाही, निसर्गात जाण्याचा हक्क शहरातल्या गरीब मुलालाही हवा, प्रत्येक पावलावर परवानगी मागायला लावली तर ज्याची ओळख आणि गाडी आहे तोच जाईल, असं म्हणतात. मला यातली चिंता खरी वाटते. पण दिवसा डोंगर चढून उतरणं आणि रात्र काढणं यांत फरक आहे. रात्र काढणारा माणूस पाणी, जळण, शौचाची जागा आणि काही घडलंच तर पहिली मदत, हे सगळं त्या गावाकडून घेतो, मग त्यानं विचारलेलं असो वा नसो. पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीला सांगून, वनखात्याची परवानगी घेऊन गावाच्या सांगण्यावरून जागा निवडायला ओळखही लागत नाही आणि गाडीही. उलट ज्याच्याकडे महागडं साहित्य नाही त्याला गावाच्या कडेची जागाच जास्त उपयोगी पडते.

शेकोटीबद्दल दोन समजुती आहेत, आणि दोन्ही आगीइतक्याच पसरलेल्या. पहिली अशी, की वाळकं लाकूड जाळलं तर बिघडत काय. पडलेल्या लाकडात वाळवी, भुंगेरे, बुरशी यांचं जग चालू असतं आणि त्यातूनच माती पुन्हा सकस होते. शिवाय पाड्यावरच्या बाईसाठी ते उद्याचं जळण असतं. एका हौशी शेकोटीत जेवढं लाकूड रात्रीत संपतं तेवढं डोक्यावरून वाहून आणायला तिला बरंच चालावं लागतं. फेब्रुवारीपासून पानगळ झालेल्या रानात पाचोळ्याचा थर इतका कोरडा असतो की वाऱ्यावर उडालेली एक ठिणगी पुरते. 'पण इथले लोकच वणवे लावतात, राब भाजतात' हे उत्तर तयारच असतं. राब भाजला जातो तो स्वतःच्या शेताच्या ठरावीक तुकड्यावर, पावसाच्या आधी, शेतकरी स्वतः हजर असताना, त्यावर नागलीची किंवा भाताची रोपं उतरवायची असतात म्हणून. मोहाखालचा पाचोळा फुलं वेचण्यासाठी जाळला जातो तेव्हा आग कधी कधी हाताबाहेर जाते, हे खरं आहे, आणि तो प्रश्न ग्रामसभेनं सोडवायचाच आहे. पण एका अडचणीचा दाखला देऊन दुसरी निष्काळजी आग समर्थनीय होत नाही. शिवाय वणवा लागलाच तर तो विझवायला झाडाचे डहाळे घेऊन धावतात ती पाड्यावरचीच माणसं.

दुसरी समजूत ही, की शेकोटी पेटती ठेवली की बिबट्या जवळ येत नाही. हा प्राणी आगीला आणि माणसाच्या वावराला किती सरावलेला आहे हे आपल्याच शेजारी मोजलं गेलं आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यात, ऊसशेतीच्या दाट वस्तीच्या पट्ट्यात केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. म्हणजे दिव्यांच्या, चुलींच्या, माणसांच्या मधोमध. पुढे त्याच भागातल्या विष्ठेच्या तपासणीतून दिसलं की त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा होता. तंबूवाल्यांसाठी यात एक थेट धडा आहे. तंबूबाहेर टाकलेली हाडं आणि उष्टं अन्न कुत्र्यांना बोलावतं, आणि कुत्र्यांच्या मागून बिबट्या येतो. बिबट्याला आपल्याकडे ओढणारी गोष्ट आपणच अंथरलेली असते, आणि शेकोटी त्याला रोखत नाही. दुसऱ्या टोकाची समजूतही तितकीच चुकीची आहे, की बिबट्या दिसला म्हणजे हल्ला ठरलेला. अकोल्याच्या त्या पट्ट्यात इतके बिबटे असूनही अभ्यासाच्या काळात माणसाचा बळी गेलेला नव्हता. मात्र नाशिक जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं, त्यातही लहान मुलं दगावली आहेत, ते विसरून चालणार नाही. संधिप्रकाशात वाकून किंवा बसून असलेला एकटा माणूस, एकटं मूल, ही खरी जोखमीची परिस्थिती. म्हणून अंधारात शौचाला जाताना सोबत आणि विजेरी असावी, मुलं मध्ये झोपवावीत, अन्न बंद डब्यात ठेवावं. वारली आणि महादेव कोळी वाघोबाला पूजतात, वाघबारशीला त्याचा मान राखतात. त्या श्रद्धेत भीतीही आहे आणि शेजारधर्मही. शेजाऱ्याच्या येण्याजाण्याच्या वेळा या लोकांना ठाऊक असतात, म्हणून तंबूची जागा त्यांना विचारून ठरवण्यात शहाणपण आहे.

बिबट्याची जेवढी धास्ती घेतली जाते त्याच्या शतांशानंही मण्यारीची घेतली जात नाही, आणि हे प्रमाण उलट असायला हवं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार माणसं मेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावा इतका कमी दुखतो की माणूस जागाही होत नाही. पहाटे पापण्या जड होतात, पोटात दुखतं, तेव्हा वेळ गेलेली असते. तंबूभोवती मीठ, लसूण, कार्बोलिक आम्ल, चर किंवा दोर यांनी साप अडत नाही. अडतो तो तळ शिवलेल्या, चेन पूर्ण ओढलेल्या तंबूनं. उघड्यावर झोपणाऱ्याला गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणीही वाचवते. चावा झालाच तर जखम कापणं, रक्त चोखणं, आवळून दोर बांधणं हे सगळं घातक आहे. अवयव हलू न देता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठणं एवढंच खरं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं, त्यामुळे साप पकडून नेण्यात वेळ घालवायची गरज नसते. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे. पण जिथे मोबाइलला रेंज नाही तिथून खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत कोण नेणार? पुन्हा पाडाच. विंचवाबाबत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम मराठी माणसानं अभिमानानं लक्षात ठेवावं. प्राझोसिन या गोळीनं लाल विंचवाच्या दंशात मरणाऱ्यांचं प्रमाण त्यांनी फार खाली आणलं. बूट घालण्याआधी झटकणं मात्र आपल्याच हातात राहतं.

पाण्याबद्दलचा गैरसमज मला सर्वांत जास्त टोचतो. नाशिकच्या पूर्वेकडच्या तालुक्यांच्या कित्येक पट पाऊस या पश्चिम पट्ट्यावर कोसळतो, आणि तरीही एप्रिल-मेमध्ये इथल्या बाया कोरड्या पडत चाललेल्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरतात. कारण खडकात आहे. बेसाल्टचा कातळ पाणी फारसं साठवत नाही, उतार तीव्र आहे, आणि पाऊस पडतो त्याच वेगानं दमणगंगेतून समुद्राकडे निघून जातो. चार महिने पुराचा आणि चार महिने वाळवंटाचा असा हा प्रदेश आहे. उन्हाळ्यात अशा विहिरीवरून पाच जणांच्या तंबूसाठी अंघोळीचं पाणी काढणं म्हणजे कोणाच्या तरी घरचा हंडा रिकामा करणं. त्या महिन्यांत पाणी सोबत आणावं, नाहीतर येऊच नये. पाणी वाहतं आहे म्हणून ते शुद्ध असतं, हेही खरं नाही. वर गुरं असतात, पाडे असतात. खळखळून एक मिनिट उकळलेलं पाणीच प्यावं. आणि ओहोळाच्या कडेची ती रेताड, सपाट, मऊ जागा तंबूसाठी कधीच घेऊ नये. ती सपाट झाली तीच पुराच्या पाण्यानं. आपल्या डोक्यावर चांदणं असताना वरच्या डोंगरात पडलेला पाऊस रात्रीत खाली पोचतो. उघड्या पठारावर किंवा एकट्या झाडाखाली तंबू ठोकला तर वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजेची भीती. रबरी तळ किंवा तंबूचं कापड विजेपासून कसलंही संरक्षण देत नाही, गडगडाट ऐकू येताच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं.

थंडीबाबत थोडक्यात. महाराष्ट्रात थंडी ती काय, असं म्हणणाऱ्यांनी निफाडचे हिवाळ्यातले एक आकडी पारे आठवावेत. रात्री थंड हवा जड होऊन दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे नदीकाठ उतारापेक्षा गार असतो. शरीराची ऊब जमीन खेचून घेते, म्हणून वरच्या दुसऱ्या पांघरुणाआधी अंगाखाली जाड चटई हवी. सकाळी तंबूच्या आतून ओघळणारं पाणी बहुधा आपल्याच श्वासाचं असतं, झडपा थोड्या उघड्या ठेवल्या की ते कमी होतं. आणि उबेसाठी कोळशाची शेगडी तंबूत कधीही घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यानं गुंगलेला माणूस मदतीला हाकही मारू शकत नाही.

शेवटचा आक्षेप रोजगाराचा. एवढे निर्बंध सांगितले तर माणसं येणारच नाहीत, आणि नाशिक-मुंबईकडे मजुरीला स्थलांतर करणाऱ्या या भागाला दोन पैसे मिळायचे तेही थांबतील, असं म्हणतात. इथे पाहायला हवं की पैसे सध्या जातात कोणाकडे. शहरातून तंबू, जेवण, वाद्यं आणि दिवे सगळं घेऊन येणारा आयोजक गावात कचरा सोडून जातो, पैसा क्वचितच. राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांना नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी घालून दिल्या आहेत. आयोजकाबरोबर जाणाऱ्यानं त्याची नोंदणी आहे का आणि ग्रामसभेला त्यातून किती मिळतं, हे पैसे भरण्याआधी विचारावं. नागलीची भाकरी, रानभाजी, वाट दाखवणारा माणूस, शेताच्या बांधावरची तंबूची जागा आणि रात्रीची राखण, या सगळ्याचं मोल गावानं ठरवावं आणि पाहुण्यानं घासाघीस न करता द्यावं. किती तंबू, कोणत्या महिन्यांत, कोणत्या पाणवठ्यापासून किती दूर, आणि मे महिन्यात एकही का नाही, हे ठरवायला वनहक्क कायद्यानं अधिकार दिलेली ग्रामसभा आहे, आणि तिच्या बैठकीत मोहाची फुलं वेचणारी बाईही बसते.