मोंढ्यातला जपानी शब्द

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या, नांदेडच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून बघतो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की भाव पडलाच. या सौद्यात शेकडो तोंडी असलेला ‘सोया’ हा शब्द मुळात दाण्याचं नावच नाही.

जपानीत दाण्याला ‘दाइझु’ म्हणतात, म्हणजे मोठं कडधान्य. सोयाबीन आणि गहू मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवून जो काळपट रस गाळतात, तो ‘शोयु’. हा शब्द दोन चिनी अक्षरांत लिहितात. पहिल्याचा अर्थ आंबवलेला लगदा, दुसऱ्याचा तेल. त्या रसात तेल जवळपास नसतंच. लातूरचे कारखाने मात्र दाण्यातून तेल काढतात.

१६४१ पासून युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या देजिमा बेटावर राहायची मुभा होती. त्यांच्या जहाजांतून हा रस बाहेर पडला आणि डच तोंडात ‘शोयु’चा ‘सोया’ झाला. इंग्लंडात १६७९ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी पूर्वेकडून येणाऱ्या दोन सॉसची नोंद केली: एक ‘मँगो’, दुसरा ‘सायो’.

खरी गंमत लिपीत आहे. डच लोक ‘य’ लिहायला रोमन ‘जे’ वापरतात. शेजाऱ्यांनी ते लेखन जसंच्या तसं उचललं आणि आपापल्या सवयीने वाचलं. जर्मन ‘झोया’ म्हणतात, फ्रेंच आणि पोर्तुगीज ‘सोजा’च्या जवळपास, स्पॅनिश ‘सोखा’. इटालियनांनी ‘जे’च्या जागी ‘आय’ घातला आणि उच्चार राखला. देजिमावर राहिलेले जर्मन डॉक्टर केंफर यांनी १७१२ मध्ये या झाडाचं वर्णन छापलं, १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याला ‘डोलिकोस सोजा’ म्हटलं, आणि रसाचं नाव झाडाला चिकटलं. ‘बीन’ ही इंग्रजांची भर.

आपल्याकडची जुनी पिकं सीमा ओलांडली की नाव बदलतात. देगलूरपलीकडे तेलंगणात तूर ‘कंदी’ होते, निलंग्यापलीकडे कर्नाटकात ‘तोगरी’. सोयाबीन मराठवाड्यात रुजलं ते गेल्या काही दशकांत, नाव सोबत घेऊनच, म्हणून तिन्ही बाजूंच्या बाजारात ते सोयाबीनच. कुमाऊँच्या डोंगरात मात्र काळं सोयाबीन पूर्वापार पिकतं. तिथे त्याला ‘भट’ म्हणतात आणि त्याची ‘चुडकाणी’ भातावर वाढतात.