जुन्या जीपगाडीस घरीं रंग देण्याची कला

वाहनास रंग द्यावयाचा म्हणजे फवाऱ्याचें यंत्र व कारखानाच पाहिजे, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु १९२३ च्या सुमारास फवाऱ्यानें मारावयाचे, लवकर वाळणारे रंग प्रचारांत येण्यापूर्वीं बहुतेक मोटारी कुंचल्यानेंच रंगविल्या जात व त्या कामास कित्येक आठवडे लागत. सपाट पत्र्याच्या जुन्या जीपगाडीस आजही घरच्या अंगणांत, स्पंजाच्या लहानशा रोलरनें, सुरेख रंग देतां येतो. मात्र उतावळेपणा नको. कां, तें पाहूं.

रंग हा पत्र्याचा केवळ अलंकार नव्हे. तें त्याचें कवच आहे. गंज तसाच ठेवून वर रंग दिला, तर तो आंतल्या आंत पत्रा खातच राहतो आणि पुढल्या पावसाळ्यांत रंगाचे पोपडे सुटतात. यास्तव प्रथम गाडी साबणानें धुवून तिजवरील तेलकटपणा काढावा. नंतर खरखरीत वॉटरपेपरनें गंज पुरता घांसून काढावा, पत्रा कोरडा होतांच रेड ऑक्साइडचें अस्तर द्यावें, खळग्यांत लांबी भरावी आणि ४०० नंबरच्या कागदानें सर्व अंग गुळगुळीत करावें. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. म्हणून घांसतांना कागद ओला ठेवावा, नाकातोंडास मास्क बांधावा व लहान मुलांस दूर ठेवावें.

एनॅमल रंग हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतो. जाड हात दिल्यास वरची साय अगोदर सुकते, आंतला रंग ओलाच राहतो व पृष्ठभागास सुरकुत्या पडतात. तोच रंग टर्पेंटाइननें दुधासारखा पातळ केला, तर रोलरचे बुडबुडे फुटून रंग आपोआप सपाट पसरतो. पहिल्या दोन हातांतून अस्तर दिसत राहील. त्यानें निराश होऊं नये. प्रत्येक हात एक अहोरात्र वाळूं द्यावा व दर दोन हातांनंतर ६०० नंबरचा ओला कागद हलकेच फिरवावा. असे ५-६ हात पुरतात. काम कोरड्या ऋतूंत व सावलींत करावें; तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्यापूर्वींच सुकतो. टर्पेंटाइनजवळ ज्योत नको. रंगानें भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करूं नये. त्या आपोआप तापून पेट घेऊं शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या.

रंग निवडतांना कायद्याचेंही भान असावें. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं १२१ व्या नियमान्वयें सैन्याचा ऑलिव्ह हिरवा रंग खाजगी गाडीस देतां येत नाहीं. आणि जीपगाडीच्या धन्याचें मन नेमकें त्याच रंगाकडे धांवतें! नोंदणीपत्रांत लिहिलेला रंग बदलावयाचा असल्यास परिवहन कार्यालयाची अनुमति अगोदर घ्यावी.

या साऱ्या कामांत प्रत्यक्ष रोलर फिरविण्यास थोडेच तास लागतात. बाकीचा वेळ घांसण्यांत व वाट पाहण्यांत जातो. हा वेळ ज्यानें वाचविला, त्याची गाडी दोनचार महिने झळकेल. ज्यानें तो दिला, त्याच्या गाडीचा पत्रा पुढले कित्येक पावसाळे शाबूत राहील.