बर्फाची ओळख – लेखांक ५ : मोसमातला पहिला थर

पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ कसे आणतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. तो बर्फ पडून राहिल्यावर त्याचं काय होतं, ते आज पाहू. नाताळच्या सुट्टीत महाराष्ट्रातून कितीतरी जण हिमालयात ट्रेकला जातात. ‘अजून बर्फ थोडाच आहे, हिमस्खलन कसलं होतंय!’ असं त्यांच्यातले अनेक जण धरून चालतात. हा समज जिवावर बेतू शकतो.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचं पथक ‘द्रौपदी का डांडा–२’ या शिखरावर हिमस्खलनात सापडलं. २७ मृतदेह हाती लागले. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेल्या प्रशिक्षक सविता कंसवालही त्यात गेल्या. तेव्हा हिवाळा सुरूही झाला नव्हता.

हिमस्खलन ताज्या बर्फानेही होतं; त्याचं ओझं निदान डोळ्यांना दिसतं. डिसेंबरमधला धोका मात्र तळाशी तयार होतो. समजा, नोव्हेंबरात हातभर बर्फ पडला आणि पुढे दोन-तीन आठवडे आकाश निरभ्र राहिलं. जमिनीत ऊब शिल्लक असते, त्यामुळे बर्फाचा तळ शून्य अंशाच्या आसपास राहतो; पृष्ठभाग रात्री उणे पंधरापर्यंत उतरतो. थर दोन मीटर जाड असता तर हा फरक तेवढ्या जाडीत विभागला गेला असता. इथे तो हातभरातच आहे. दर १० सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की बर्फातली वाफ तळाकडून वर सरकते आणि कणांचा आकार बदलून टाकते. एकमेकांना धरून बसलेले कण मोठे, कंगोरेदार आणि सुटे होतात. मुठीत घ्या, जाड साखरेसारखे बोटांतून गळतील. गोळा वळणार नाही. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर हा थर आठवडेच्या आठवडे टिकतो.

मग मोठी बर्फवृष्टी होते, वारा नवा बर्फ ठासून त्याची लादी करतो, आणि ती लादी या सुट्या दाण्यांवर बसते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ती सुटायला एका माणसाचं वजन पुरतं. दाणे चिरडले की ‘धप्प’ असा खोल आवाज येतो, पायापासून भेग पळत जाते. सपाटीवर आवाज आला म्हणून निर्धास्त राहू नका. तिथे सुरू झालेली मोड वरच्या उतारापर्यंत पोहोचते आणि तो खाली येऊ शकतो. माझ्या मते डोंगर याहून स्पष्ट इशारा देत नाही. तिथून मागे फिरायचं, शिखर कितीही जवळ असो. बर्फ पातळ असताना खडकही उघडे असतात. गाडला न गेलेला माणूसही त्यांच्यावर आपटून मरू शकतो.

चंदिगडची ‘डीजीआरई’ ही संरक्षण संशोधन संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते. ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा, ते रोज कोण वाचतं? अर्थात जिल्ह्याचा इशारा तुमच्या पायाखालच्या उताराबद्दल सांगू शकत नाही. त्यासाठी जमिनीपर्यंत खड्डा खणून तळाचा थर हातात घेऊन पाहणारा वाटाड्या सोबत हवा. तो खड्डा कुठे आणि कसा खणायचा, ते पुढच्या आठवड्यात.