एका मुळीचे भाग्य

रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, ओलसर सावलीच्या जागी गुडघ्याएवढे एक झुडूप उगवते. एकेका पेऱ्याशी तीन-तीन पाने, लालसर देठांवर पांढुरकी फुले, पिकली की काळी पडणारी बारीक फळे. आणि जमिनीखाली पिवळट, कडू जहर मुळी. हीच सर्पगंधा. साप चावला, कुणाचे डोके फिरले, झोप उडाली, की जाणती माणसे हिची आठवण करीत. या रानटी मुळीला जगाच्या वैद्यकात मानाचे पान मिळवून दिले ते मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील. आडनाव वकील, पेशा वैद्याचा, आणि ध्यास मात्र पुराव्याचा!

डॉ. वकिलांचा जन्म १९११ सालचा. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडनला घेतले आणि मुंबईस परतल्यावर परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोग्यांची सेवा आरंभली. रक्तदाब मोजता येत होता, पण उतरवावा कसा, हे त्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही धड ठाऊक नव्हते. विश्रांती, बिनमिठाचे जेवण, झोपेची औषधे, आणि फारच झाले तर मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया, एवढाच काय तो उपाय. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा वरचा दाब ३०० भरला होता. जगातल्या बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला जे मिळाले नाही, ते गिरगावातल्या कारकुनाला कोठून मिळणार?

सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहून ठेवले होते. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी या मुळीतून काही द्रव्ये वेगळी काढली. पण पश्चिमेच्या वैद्यकाने तिकडे लक्ष दिले नाही. 'अमक्याला गुण आला' एवढ्याने शास्त्राचे समाधान होत नसते. किती जणांना दिले, किती दिवस दिले, दाब आधी किती होता, नंतर किती झाला, आणि त्रास काय झाला, असे प्रश्न ते विचारते.

डॉ. वकिलांनी या प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडली. रक्तदाबाचे ५० रोगी घेतले, त्यांना मुळीच्या गोळ्या दिल्या आणि चार आठवडे दाबाची नोंद ठेवली. बहुतेकांचा दाब खाली आला. औषध सावकाश चढते, बंद केल्यावरही त्याचा अंमल काही काळ राहतो, हेही दिसून आले. १९४९ साली हा निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात छापला गेला आणि जगाचे कान टवकारले.

पुढची चक्रे भराभर फिरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य द्रव्य, रेसरपिन, वेगळे केले. मुळीची मागणी इतकी वाढली, की १९५५ च्या सुमारास भारत सरकारला तिच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला, आणि १९५८ मध्ये पद्मभूषण. १९७४ साली ते निवर्तले.

मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे औषध रिते करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. पण हीच करणी मनावरही होते. मोठ्या मात्रेत काहींना खिन्नता येई, नाक चोंदे, आळस भरे. पुढे अधिक निर्धोक औषधे आली आणि रेसरपिन मागे पडले. तथापि त्याचे ऋण फिटले नाही. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसरपिन दिलेल्या प्राण्यांवर प्रयोग करूनच मेंदूतील डोपामिनचे काम उलगडले आणि त्या कार्याबद्दल २००० साली नोबेल पारितोषिक मिळवले.

वाचकहो, या कथेत कुटुंबवत्सल माणसाने घेण्याजोगे दोन बोध आहेत. पहिला हा, की आजीच्या बटव्यातले औषध टाकाऊ नसते, पण आपोआप खरेही ठरत नसते. त्याला कसोटीवर घासणारा कोणीतरी लागतो. म्हणून रानातली मुळी उगाळून मनाने घेऊ नये. शिवाय बेसुमार खणून ती आता दुर्मिळ झाली आहे. दुसरा बोध असा, की वाढलेला रक्तदाब पुष्कळदा काहीच तक्रार करीत नाही. दुखले-खुपले नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि एके दिवशी हृदय किंवा मेंदू त्याची किंमत मोजतो. रूझवेल्टांना न मिळालेली गोळी आज गावच्या सरकारी दवाखान्यातही मिळते. तेव्हा यंदा फराळाला घरची मंडळी जमतील, तेव्हा चकलीची चव जरूर विचारावी; पण वडीलधाऱ्यांना 'दाब कधी मोजलात?' हेही विचारायला विसरू नये.