मळवलीचा शिळाप्रेस आणि धुरंधर

रविवर्मा प्रेस हा चित्रकार राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत काढलेला रंगीत शिळाछापाचा कारखाना. त्यांचे बंधू राजा राजवर्मा कारभार पाहत. मुंबईत 1896 पासून प्लेग ठाण मांडून होता, धंदा कर्जात रुतला होता. 1899 च्या सुमारास कारखाना मावळात, लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. पुढे काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. मोठा चित्रकार कारखानदारीत मात्र फसला.

तैलचित्र थेट छापता येत नसे. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर कारागीर तेलकट खडूने किंवा शाईने काम करी. शिळा ओली केली की रेखाटलेल्या भागावर पाणी ठरत नसे, आणि शाई तेवढ्याच भागाला धरे. एका रंगाला एक शिळा. गालावरची लाली, शालूची जर, ढगांतला निळा, सगळे आधी नजरेने सुटे करायचे, ठिपक्याठिपक्याने निरनिराळ्या शिळांवर उतरवायचे आणि दर छपाईला कागद नेमक्या खुणेवर बसवायचा. केसभर सरकला तरी देवीची नजर बिघडे. खरे कसब इथे होते; सही मात्र मूळ चित्रकाराची. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनीही लोणावळ्यात राहून या प्रेससाठी फोटो-लिथोची, म्हणजे छायाचित्रावरून शिळाछापाची, कामे केली.

श्लायशरने लेबले आणि जाहिरातीही छापायला घेतल्या, नव्या चित्रकारांना कामे दिली. त्यांतले सर्वांत समर्थ म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर (1867-1944): जन्म कोल्हापूरचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये, नोकरीही तिथेच. प्रेसबाहेर, मुलांच्या पुस्तकांतले त्यांचे ठळक काम 'डेक्कन नर्सरी टेल्स' (1914) या सी. ए. किंकेड यांच्या पुस्तकात आहे. व्रतवैकल्यांच्या वेळी घरोघरी वाचल्या जाणाऱ्या वारांच्या कहाण्या त्यात इंग्रजीत सांगितल्या आहेत. भाषा परकी झाली, तरी माणसे इथलीच राहिली, ती धुरंधरांमुळे. लुगड्याची नेसण, दागिने, बसण्याउठण्याची ढब त्यांच्या हातात पक्की होती. देवादिकांच्या भव्य चित्रांपेक्षा घरगुती प्रसंगांत ते अधिक रमतात.

1972 मध्ये मळवलीचा कारखाना आगीत भस्मसात झाला. छापील प्रती मात्र अनेक घरांत शिल्लक आहेत. जुन्या तसबिरीच्या तळाशी 'कार्ला-लोणावळा' असा या प्रेसचा पत्ता आढळला, तर काच पुसून भिंगातून चेहरा जरूर पाहावा. कारागिराचे ठिपके आजही मोजता येतात.