लाल भिंतीआडचे लाकूड

पूर्व इंग्लंडमधल्या एसेक्स, सफक, नॉरफक या परगण्यांत बांधकामाचा चांगला दगड फारसा मिळत नाही, चिकणमाती मात्र मुबलक. त्यामुळे तिथली अनेक जुनी शेतघरे लाल विटांची. पण त्यांतल्या कित्येकांची वीट म्हणजे नंतर चढवलेला अंगरखा आहे. आत ओकच्या लाकडाचा सांगाडा उभा असतो आणि तो विटांहून कितीतरी जुना निघतो.

खरे वय कळते ते माळ्यावर. मध्ययुगीन घरात दालनाच्या मधोमध, जमिनीवरच जाळ पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. त्याने काळे कुळकुळीत झालेले वासे आजही काही घरांत सापडतात. सोळाव्या शतकात विटांचे धुराडे आले आणि घराची मांडणीच पालटली. धूर एका नळात कोंडला गेल्यामुळे उंच दालनावर मजला टाकता आला. अनेक घरांत दार उघडले की समोर धुराड्याचीच भिंत, डावीउजवीकडे एकेक खोली. एसेक्समधल्या रॅडविंटरचे पाद्री विल्यम हॅरिसन यांनी १५७७ साली नोंदवले आहे, की गावातल्या वृद्धांना आपल्या हयातीत वाढलेल्या धुराड्यांचे मोठे नवल वाटे. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये घरे अशी नव्याने बांधण्याच्या लाटेचा काळ १५७० ते १६४० असा धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो बराच ताणला, आणि ते योग्यच झाले. सगळे परगणे काही एकदम सधन झाले नव्हते.

विटांसाठी माती शरदात खणत, हिवाळ्यातल्या हिमाने ती भुसभुशीत होऊ देत आणि उन्हाळ्यात साच्यात थापत. लाकडाच्या भट्टीत जाळाकडे आलेले विटेचे टोक निळसर काळे, चकचकीत होई. गवंडी अशी टोके मुद्दाम दर्शनी बाजूला लावून लाल भिंतीत नक्षी काढत.

अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च भरून काढायला १७८४ साली हजार विटांमागे अडीच शिलिंग कर बसला. कर नगावर होता, तेव्हा मीशम गावच्या जोसेफ विल्क्स यांनी जवळपास दुप्पट आकाराची वीट पाडली! सरकारने १८०३ मध्ये मोठ्या विटांवर दुप्पट कर लावला. १८५० साली तो सगळाच रद्द झाला.

जुन्या शेतघरांच्या भिंतींचे खरे नुकसान विसाव्या शतकातल्या दुरुस्तीने केले. जुन्या विटा मऊ, त्यांच्यामधला माल चुन्याचा. भिंतीत मुरलेले पाणी त्या सांध्यांतून सुकत असे. तिथे सिमेंट भरले की ओल विटेत अडकते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. सांधा पुन्हा भरता येतो, चारशे वर्षांची वीट परत मिळत नाही. तिथल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीत चुन्याचाच आग्रह धरायला हवा.